आधी काय सरतं

"दुपारच्या तासाला पोडियमवर हनमंते," एवढंच उमाशंकर सर म्हणाले, हातावरचा खडू झटकला आणि निघूनही गेले. झालं. वर्गातल्या सगळ्या माना एकदम मागं वळल्या, बुद्धप्रिया हनमंतेकडं. तिनं उगाच पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. लातूरच्या त्या क्लासची ही रीतच होती. ज्या पोराला धड्याच्या चाचणीत पैकीच्या पैकी मार्क पडतील, त्यानं दुपारी पोडियमवर उभं राहून तो धडा बाकीच्यांना शिकवायचा, आणि सर स्वतः मागच्या बाकावर पोरांसारखे बसून ऐकणार. या मानासाठी पोरं जीव टाकत. पुढच्या बाकावरची, ज्यांचे आईबाप डॉक्टर होते ती पोरं तर आधीपासून आरशासमोर सराव करत, असं हॉस्टेलात बोललं जायचं. आणि आज तो मान भोकरहून आलेल्या, जेमतेम दीड महिन्यापूर्वी ए बॅचला बसलेल्या, तोंडातून शब्द काढताना दहादा गिळणाऱ्या या पोरीला मिळाला होता. धडा होता मोलचा. पैकीच्या पैकी मार्क होते मोलमध्ये. आणि मोल म्हणजे काय, हे बुद्धप्रियाला माहीत नव्हतं.

आता हे सांगावं तरी कुणाला? सांगितलं तर लोक हसतील, आणि न सांगावं तर ते पोटात बसून राहतं. पहिल्या दिवशी सर म्हणाले होते, "डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे एवढे," आणि त्यांनी बोर्डावर सहा पॉइंट शून्य दोन दोन, गुणिले दहाचा तेविसावा घात असा आकडा लिहिला होता. सगळ्यांनी मान हलवली. तिनंही हलवली. पण त्या आकड्याकडं बघता बघता तिला गरगरायला लागलं होतं. एवढे कण मोजले कुणी? कधी बसून मोजले? मोजता मोजता एखादा निसटला असेल तर? तिच्या घरात जे काही होतं ते तोलून येत होतं. ज्वारी तोलून, तूर तोलून, हळद तोलून. मोजायची म्हणजे फार तर अंडी. आणि इथं हायड्रोजनसारखी न दिसणारी वस्तू मोजायला सांगत होते. तिनं सरळ त्या आकड्याकडं पाठ केली. वाटेतल्या कुत्र्याला आपण बघितलंच नाही असं दाखवत माणूस निघून जातं ना, तसं. आणि आपली एक पळवाट काढली. प्राथमिक शाळेत गुरुजींनी त्रैराशिक असं घोटून घेतलं होतं की झोपेतून उठवलं तरी तिला यायचं. अठ्ठावीस ग्रॅम नायट्रोजनला सहा ग्रॅम हायड्रोजन लागतो, त्यातून चौतीस ग्रॅम अमोनिया निघतो. एवढं पाठ केलं की पुढं सगळं तिरकं गुणायचं आणि भागायचं. मोलला हातसुद्धा लावायचा नाही. अडायचं ते फक्त एका जागी. गणितात दोन्ही पदार्थ दिलेले असतात आणि त्यातला आधी सरणारा कोणता ते आपण ओळखायचं असतं. सर त्याला लिमिटिंग रीएजंट म्हणायचे. तर जे वजनाला कमी ते आधी सरणार, यात कळायचंय काय? जे कमी तेच सरतं. तिनं दर वेळी कमी वजनाची वस्तू धरली, तिरकं गुणलं, आणि चाचणीत दर वेळी उत्तर पर्यायांमध्ये हजर. एकदा नाही, सगळ्याच्या सगळ्या गणितांत. बाकीची पोरं मोल काढत बसली तोवर हिनं पेपर उलटा करून ठेवलासुद्धा. सरांना वाटलं, पोरीकडं काही खास रीत आहे. दैव द्यायला लागलं की असं देतं, आणि घाबरवायचं तर तेही असंच घाबरवतं.

"अगं, हास की जरा," सुकन्या तिच्या पाठीत थाप मारत म्हणाली. सुकन्या तिची खोलीतली सोबतीण, अहमदपूरकडची. घरी शेती, दोन वर्षं डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा देऊन झालेली, हे तिसरं. दोघी मेसकडं निघाल्या होत्या. गल्लीत दोन्ही बाजूंनी क्लासेसच्या पाट्या, पाट्यांवर डॉक्टर झालेल्या पोरापोरींचे चेहरे, त्यांच्या गळ्यात हार, आणि सगळे चेहरे असे हसणारे की जन्मात कधी कशाला भ्यालेच नाहीत. खाली झेरॉक्सची दुकानं, वडापावची गाडी, पाण्याचा टँकर आडवा लागल्यानं खोळंबलेल्या सायकली. ऑगस्टचं ऊन ढगाआडून उकडत होतं.  "काल तू ती रीत सांगितलीस ना मला," सुकन्या बोलतच होती, "कमी वजनाचं धरायचं आन् तिरकं गुणायचं, काल बसून पन्नासेक गणितं केली बग मी. फटाफट. दोन वर्षं त्या मोलनं माझी कातडी सोलली, आन् तू एका वाक्यात मोकळी केलीस. मी समोरच्या खोलीतल्या पोरींनाबी सांगून टाकलं. रविवारचा पेपर आता आपलाच." रविवारचा पेपर म्हणजे बॅच ठरवणारा पेपर. त्यात घसरलं की ए मधून बी मध्ये, तळमजल्यावरच्या पत्र्याच्या वर्गात. सुकन्या आधीच काठावर होती. मोठा भाऊ सोडायला आला तेव्हा त्यानं तिला साफ सांगितलं होतं, की औंदा ए बॅच टिकली तर बस, न्हाई तर दसऱ्याला सामान घेऊन घरी ये, लई झालं आता. हे सांगताना सुकन्या हसली होती. ती वाईट बातमीसुद्धा हसूनच सांगायची. बुद्धप्रियानं तिच्याकडं बघितलं आणि मग टँकरच्या नळाखाली साचलेल्या पाण्याकडं बघत चालत राहिली.

मेसमध्ये नागम्मानं ताटात भाजी टाकली आणि चेहरा बघून विचारलं, "का गं, ताप हाय का?" नागम्मा देगलूरच्या पलीकडची, पोरींच्या तोंडाकडं बघून वाढायची, कुणाचं घरून भांडण झालंय आणि कुणाचे मार्क गेलेत हे तिला ताटावरून कळायचं. बुद्धप्रिया नाही म्हणाली.  समोर सुकन्या एका हातानं जेवत होती आणि दुसऱ्या हातानं पुस्तक धरून गणित करत होती. चार ग्रॅम हायड्रोजन, सोळा ग्रॅम ऑक्सिजन, पाणी किती होईल? "कमी वजन हायड्रोजनचं," सुकन्या पुटपुटली. "दोन ग्रॅम हायड्रोजनपासून अठरा ग्रॅम पाणी. चारपासून छत्तीस." तिनं मागचं पान उलटलं, बघितलं, कपाळाला आठी घातली. "पुस्तकात अठरा दिलंय. चुकलंय गं पुस्तक." आणि पुस्तक मिटून तिनं निवांत भाताला हात घातला. "ही पुस्तकं लई चुका करतेत. तुझं कसं चुकंल?"

तुझं कसं चुकंल. बुद्धप्रियाच्या कानात गरम काहीतरी ओतल्यासारखं झालं. तिनं पुस्तक ओढून घेतलं. चार आणि सोळा. चार आणि सोळा किती झाले? वीस. वीस ग्रॅम आत घातलं आणि छत्तीस ग्रॅम बाहेर आलं? हे कसं व्हावं? तिचा बाप ज्ञानोबा हनमंते भोकरच्या मोंढ्यात मापाडी होता. लहानपणी सुट्टीच्या दिवशी ती त्याच्याबरोबर मोंढ्यात जायची, हळदीच्या पोत्यांवर बसायची, आणि बघायची. पोतं काट्यावर चढायचं, बाप वाकून आकडा बघायचा आणि मोठ्यानं ओरडून सांगायचा. एकदा एका व्यापाऱ्याच्या काट्यावर माल आला त्यापेक्षा जास्त भरला, तर बापानं पोतं खाली उतरवायला लावलं होतं. "घातल्यापेक्षा जास्त निघत न्हाई कुठं," तो म्हणाला होता, "काटा खोटा हाय, न्हाई तर हात." हे तिला नीट आठवत होतं. नव्हे, आत्ता ते वाक्य तिच्या मानेवर कुणीतरी येऊन बसावं तसं बसलं होतं. घातल्यापेक्षा जास्त निघालंय. हात खोटा आहे. तिचाच हात. म्हणजे चाचणीतली सगळी उत्तरं नुसत्या नशिबानं जमली. त्या गणितांमध्ये वजनाला कमी ते खरोखरच आधी सरणारं होतं म्हणून. उद्या उलटं आलं की सगळं कोसळणार. आणि ते घेऊन सुकन्या रविवारी पेपरला बसणार, समोरच्या खोलीतल्या पोरी बसणार. आणि त्याआधी, आत्ता, थोड्या वेळानं, सगळ्या वर्गाला ती स्वतःच्या तोंडानं हेच शिकवणार. "सुकन्या," तिनं हाक मारली. "काय?" सुकन्यानं वर बघितलं, ओठाला वरण लागलेलं, डोळ्यांत विश्वास. "काही न्हाई," बुद्धप्रिया म्हणाली, "पापड खा."

सांगता आलं असतं. एवढंसं तर सांगायचं होतं. पण जीभ उचलेना. चूक आहे एवढं कळलं, पण बरोबर काय ते कुठं कळलं होतं? नुसतं चूक आहे म्हणून कुणापुढं उभं राहायचं, आणि पुढचं विचारलं की गप्प? मग हसू. हसण्याची तिला भीती वाटायची. माराची नाही वाटायची एवढी. हात धुताना नळाखाली हात तसेच राहिले आणि डोळ्यांसमोर आली ती विहारामागची चुलवणं. ती दिवसाढवळ्या कधी त्या आठवणीच्या वाटेला जात नसे. ती सातवीत होती. जयंतीचं जेवण होतं, सगळ्या वस्तीचं. आसपासच्या खेड्यांतून लोक आलेले, निळ्या पताका, स्पीकरवर भाषण, आणि मागच्या बाजूला बायांचा पुऱ्या तळायचा घाट. माय, म्हणजे चांगुणा, पुऱ्या लाटत होती. दर माणशी चार पुऱ्या आणि बुंदीचा एक लाडू, असं ठरलेलं. भाजीची तर ददात नव्हती. दुपार व्हायला आली तेव्हा बायांनी बाबांना विचारलं, "बगा बरं भाऊ, पुरल का? का आजून तळायचं?" विचारणार कुणाला, मापाडी घरचा असताना? बाबांनी मोंढ्यातून काटा आणलाच होता. त्यांनी पुऱ्यांची टोपली तोलली, लाडवांच्या पराती तोलल्या. पुऱ्या भरल्या दीडपट. "लाडू कमी हायत," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, मोंढ्यातल्या आवाजात. "लाडू राखून वाढा. पुऱ्या लई हायत, पुरून उरतेत. कढई उतरवा." आणि बायांनी कढई उतरवली, चुलवणावर पाणी ओतलं. त्या पाण्याचा चर्र आवाज तिला अजून येतो.

जेवणं अर्ध्यावर आली तोच पुऱ्या सरल्या. लाडवांच्या पराती अजून भरलेल्या. पोरं द्रोण घेऊन रांगेत उभी, म्हातारी माणसं उन्हात उभी, आणि वाढणाऱ्यांच्या हातात नुसते लाडू. विझलेली चूल पेटवायला लाकडं ओली झालेली, कणीक पुन्हा मळायची. आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी ओरडलं, "अरे, मापाड्याचं माप चुकलं रं!" आणि सगळी रांग हसली. वाईट हसू नव्हतं ते. आपल्याच माणसांचं होतं. तरीपण बाबांचे कान लाल झाले. ते टोपलीजवळ उभे होते, रिकाम्या टोपलीत हात घालून, जणू तळाशी आणखी काही सापडेल. मग त्यांनी परात उचलली आणि उरलेल्या रांगेला ते खालमानेनं लाडू वाढत गेले, एकाला दोन, एकाला तीन. कुणी म्हणालं, "ज्ञानोबा, डोळ्यानं तोललं का काय?" ते पुढच्या द्रोणाकडं सरकले. आणि बुद्धप्रिया? ती रांगेतच होती, शेवटाला. बाप आपल्यापर्यंत यायच्या आधी ती रांगेतून सटकली आणि मैत्रिणीच्या घरी जाऊन बसली. मैत्रिणीच्या आजीनं विचारलं, "तुह्या बापानंच घोळ केला म्हणं?" तर ती म्हणाली, "मला काय माहीत." त्या जयंतीनंतर बाबा वाढायला कधी उभे राहिले नाहीत. दर वर्षी जेवणं झाली की ते मागं जातात आणि भांडी घासतात. घरात त्या दिवसाचा विषय कुणी काढत नाही. नळ वाहत होता. मागची पोरगी म्हणाली, "झालं का ताई?" बुद्धप्रियानं नळ बंद केला. आणि बंद करता करता तिला कळलं, की पुऱ्या का सरल्या. एका माणसाला लाडू एक आणि पुऱ्या चार. पुऱ्या वजनाला जास्त होत्या, पण त्या चार चार करून जात होत्या. टोपलीत किती वजन आहे हा प्रश्नच नव्हता. किती माणसं जेवून उठतील हा प्रश्न होता. तोलून ते कळणार नव्हतं. मोजायला पाहिजे होतं.

कळलं म्हणून भीती गेली असं कुणाला वाटेल, तर ते तसं नाही. उलट वाढली. न कळणाऱ्याला गप्प बसायची सोय तरी असते. ती हॉस्टेलवर गेली आणि धोंडाबाईंना म्हणाली, "मावशी, माझं पोट दुखून राहिलं." धोंडाबाई हॉस्टेलच्या रखवालदारीण, पोरींचे फोन आठवडाभर कपाटात कुलपाखाली ठेवायच्या आणि रविवारी द्यायच्या. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला. "पोटात काय न्हाई तुझ्या," त्या म्हणाल्या, "परीक्षा हाय पोटात. लिंबूपाणी पी आन् जा. हितं झोपलीस तर ती आणखी फुगंल." लिंबूपाणी तिनं घटाघटा प्यायलं. झोपायला नको म्हणाल्या हे बरं झालं की वाईट, ते तिला ठरवता येईना. ती क्लासचा जिना चढायला लागली. उलटी होईल असं वाटलं, झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं, तेवढ्यावर निभावलं असतं.

वर्ग भरलेला. उमाशंकर सर मागच्या बाकावर, गुडघे बाकात न मावल्यानं आडवे करून बसलेले. "हं, चला मॅडम," ते म्हणाले, आणि पोरं हसली. पोडियमवरून वर्ग वेगळाच दिसतो. नुसती कपाळं दिसतात. तिनं खडू घेतला. बोर्डावर लिहिलं, चार ग्रॅम हायड्रोजन, सोळा ग्रॅम ऑक्सिजन. का हेच गणित लिहिलं, ते तिचं तिला माहीत नव्हतं. हाताला तेच आलं. मग घाबरलेलं माणूस ओळखीच्या वाटेनंच पळतं, तशी ती आपल्या जुन्या रीतीनं बोलत सुटली. वजनाला कमी कोणतं ते बघायचं. हायड्रोजन. दोनाला अठरा, तर चारला छत्तीस. आवाज चांगला निघाला. आपल्याच आवाजाचं तिला नवल वाटलं. छत्तीस लिहून तिनं खाली चौकट काढली आणि वळून बघितलं. सगळे लिहून घेत होते. डॉक्टरांची पोरं लिहीत होती, मागची लिहीत होती, कुणी मान वर करून विचारलं नाही, की वीस घालून छत्तीस कसे आले. ए बॅचची हुशार पोरं, आणि सगळ्यांची पेनं छत्तीस म्हणत खाली झुकलेली. पैकीच्या पैकीवाली सांगतेय म्हणजे बरोबरच असणार. ती एवढी भ्याली, की तिला वाटलं आपण ओरडू. सुकन्या तर लिहीतसुद्धा नव्हती, तिला पाठ होतं. ती गालावर हात ठेवून अभिमानानं मैत्रिणीकडं बघत होती. आणि मागं सर. सर काही लिहीत नव्हते. ते तिच्याकडं बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. "थांबा. लिहू नका. हे चुकीचं हाय." हाय म्हणून गेली. पुढच्या बाकावरून फिसकन हसू आलं. इतके दिवस तिनं 'आहे' म्हणायची केवढी काळजी घेतली होती. "वीस ग्रॅम घातलं तर छत्तीस कसं निघंल? घातल्यापेक्षा जास्त निघत नसतं. ही रीत चूक हाय. माझे मार्क... ते असेच पडले. जमून गेलं."  सुकन्याचा हात गालावरून खाली आला. बुद्धप्रियाला तिच्याकडं बघवेना, म्हणून ती खिडकीकडं बघत बोलत राहिली. "एका गावात जेवण होतं. माणशी चार पुऱ्या आन् एक लाडू. तिथं एक मापाडी होता, त्यानं तोलून बघितलं. पुऱ्या वजनाला जास्त भरल्या, म्हणून तो म्हणाला लाडू आधी सरतील. तर पुऱ्याच सरल्या." आता सगळेच हसले. मोकळं, मोठं हसू. कुणीतरी म्हणालं, "काय येडा मापाडी!" आणि त्या हसण्यात ती सुटून गेली असती. नाव नव्हतं घेतलं, गाव नव्हतं घेतलं. पोडियमवरून उतरायचं, झालं. पण तिला रांग दिसली, रांगेचा शेवट, आणि परात घेऊन खालमानेनं येणारा माणूस. आणि या वेळी सटकायला पाय उचलले नाहीत. "ते माझे बाबा होते," ती म्हणाली. हसू मध्येच तुटलं. "ते येडे न्हाईत. त्यांना तोलायचं माहीत होतं, म्हणून तोललं. मलाबी तेवढंच माहीत होतं."

सर उठले. बाकातून निघायला त्यांना वेळ लागला. "मग मोल म्हणजे काय?" त्यांनी तिथूनच विचारलं. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त भीती वाटली. "मला माहीत न्हाई सर." "काहीच नाही?" तिनं खडू दोन्ही हातांत धरला. "पुऱ्या मोजायला पाहिजे होत्या, एवढंच कळलं. चार चार करून. हे कण मोजता येत नाहीत, म्हणून तो आकडा हाय. बहुतेक. तोललेल्याचं मोजलेलं करायला. पण करायचं कसं ते न्हाई येत मला." सर पुढं आले, डस्टर घेतलं आणि छत्तीसची चौकट पुसली. नुसती चौकट, गणित नाही.  मग वर्गाकडं वळून म्हणाले, "हे छत्तीस ज्यांनी ज्यांनी लिहून घेतलं, त्यांनी घरी जाऊन विचार करावा की आपण काय करत होतो." आणि तिच्याकडं न बघता, "हनमंते, न कळता पडलेले मार्क मला धरता येत नाहीत. उद्यापासून बी बॅच. खाली मी मोल पहिल्यापासून घेणार आहे." म्हणजे ज्याला ती सकाळपासून भीत होती ते झालंच. डोळ्यांसमोर पत्र्याचा वर्ग आला, तिथला उकाडा आला, माय शेजारच्या बायांना काय सांगेल ते आलं. ती आपल्या बाकावर दप्तर घ्यायला गेली तर सुकन्या रबर घेऊन वहीतली पन्नास गणितं खोडत होती, खसाखसा, कागद फाटेल अशी. "मेसमध्ये सांगायचं होतंस," ती दातांतून म्हणाली. "पापड खा म्हणालीस मला."  सुकन्यानं आणखी एक पान खोडलं. मग वर न बघता म्हणाली, "ते पुऱ्यांचं आज खोलीवर नीट सांग मला. रविवार लांब न्हाई."

रविवारी पेपर झाल्यावर धोंडाबाईंनी कपाट उघडलं आणि फोन दिले. सुकन्या जिन्यात बसून भावाशी बोलत होती, हसत होती. पण ती नेहमीच हसायची, त्यावरून पेपर कसा गेला ते कळत नसे. बुद्धप्रिया गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमध्ये जाऊन उभी राहिली. पलीकडं बाबांनी पहिल्याच घंटीला उचलला. "जेवलीस का माय?" "हाव." "मग आवाज कामून असा?" बी बॅचचे चार दिवस तिनं घशात धरून ठेवले होते. "बाबा, मला खालच्या बॅचला टाकलं."  तिला वाटलं आता विचारतील, किती मार्क गेले, कुणाला किती पडले, आता डॉक्टर व्हायचं काय.  "काय चुकलं?" बाबांनी विचारलं. "मी तोलून बघितलं बाबा. मोजायला पाहिजे होतं. वजनाला जास्त ते पुरंल असं वाटलं मला, आन् तेच आधी सरतं."  एखादं पोतं काट्यावर ठेवून माणूस काटा स्थिर व्हायची वाट बघतं, तेवढा वेळ गेला. "पुऱ्या," बाबा म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द तिनं ऐकला नव्हता. "हाव बाबा," ती म्हणाली, आणि मग घाईघाईनं, थांबलं तर बोलता येणार नाही म्हणून, "त्या दिवशी मी रांगेतून पळून गेले होते." "बगितलं व्हतं मी," बाबा म्हणाले. "तुह्यासाठी दोन लाडू ठिवले व्हते. मग शेजारच्या आनंदराजच्या पोराला देऊन टाकले." त्यांनी घसा खाकरला. "ऐक माय. माप चुकलं ते चुकलंच. मापाड्याचंबी चुकतं. पण माप चुकलं म्हणून लोक उपाशी राहिले न्हाईत. मी कढई उतरवायला लावली, म्हणून राहिले. चूल पेटती असती तर आजून तळल्या असत्या, कुणाला कळलंबी नसतं." चादरी वाऱ्यानं तिच्या अंगावर येत होत्या. खाली पत्र्याच्या वर्गात कुणीतरी बाकं सरकवत होतं. आज पाच वाजता सर मोल सुरू करणार होते, पहिल्यापासून. तिच्या पोटात भीती होती तशीच होती. "तू खाली बस, वर बस," बाबा म्हणाले, "तेवढी कढई उतरवू नको."